कस्टम हार्डवेअरसाठी लिनक्स ड्रायव्हरची रचना कशी निवडावी: डिव्हाइस फाइल सगळ्यात शेवटी

उन्हाळा तोंडावर आला, प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली, की नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं आणि हिंगणा-बुटीबोरीच्या छोट्या कारखान्यांतले इंजिनिअर माझ्याकडे एकाच जातीची अडचण घेऊन येतात. "सर, ड्रायव्हर लोड होतो, डेव्हमध्ये फाइल पण दिसते, पण दुसरा बोर्ड लावला की सगळं कोलमडतं." कोड उघडून पाहिला की सुरुवात ठरलेली असते. कुठल्या तरी धड्यातला कॅरेक्टर डिव्हाइसचा (फाइलसारखं उघडून वाचता-लिहिता येणाऱ्या डिव्हाइसचा) नमुना उचललेला, त्यात ओपन, रीड, राइट, आयऑक्टल (डिव्हाइसला खास कमांड देणारी हाक) भरलेले, रजिस्टरचे (चिपमधल्या आकडे ठेवायच्या खान्यांचे) पत्ते सी-कोडमध्ये ठोकलेले आणि बोर्ड त्या साच्यात कसाबसा कोंबलेला.

चूक कोडिंगमध्ये नसते, क्रमात असते. ड्रायव्हरला दोन दारं असतात. परसदार हार्डवेअरकडे उघडतं, म्हणजे बोर्ड कोणत्या बसवर (जोडणीच्या मार्गावर) बसलाय ते. पुढचं दार वापरणाऱ्याकडे उघडतं, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोणत्या सबसिस्टिममधून (एका जातीच्या उपकरणांसाठीच्या तयार विभागातून) माहिती बाहेर जाणार ते. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते वेगवेगळेच घ्यायचे. स्वतःची डिव्हाइस फाइल (डेव्ह फोल्डरमधली, जिच्यातून प्रोग्रॅम बोर्डाशी बोलतो) हा पुढच्या दाराचा एक प्रकार झाला, तोही इतर सगळे पर्याय संपल्यावरचा.

पुढे एकच उदाहरण धरून चालतो: संत्री वजनानुसार वेगळी करणारी लाइन. पट्ट्यावरून फळ येतं, लोडसेलवरून (वजनाच्या सेन्सरवरून) जातं, वजन ठरतं आणि पुढे सोलेनॉइडची (विजेच्या कॉइलने हलणारी) झडप त्याला आपापल्या खान्यात ढकलते. बोर्ड आपणच बनवलेला आहे आणि तो लिनक्स चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे.

टप्पा १: आधी एक पान भरा

कोड उघडण्यापूर्वी कागदावर ही उत्तरं हवीत.

१. बोर्ड कशाने जोडलाय? आय-टू-सी, एसपीआय, यूएसबी, पीसीआय एक्सप्रेस, सिरियल, की थेट मेमरीत दिसणारी रजिस्टरं?
२. बोर्ड स्वतःची ओळख सांगतो का? यूएसबी आणि पीसीआय सांगतात. आय-टू-सी, एसपीआय आणि मेमरीतली रजिस्टरं सांगत नाहीत, त्यांची माहिती डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधून) किंवा फर्मवेअरच्या तक्त्यांतून द्यावी लागते.
३. प्रत्येक रजिस्टर किती बिटांचं, बाइटांचा क्रम कोणता आणि नुसतं वाचल्याने पुसलं जाणारं एखादं रजिस्टर आहे का?
४. इंटरप्ट (बोर्डाने स्वतःहून दिलेला इशारा) आहे का? असेल तर लेव्हलवर (सिग्नल टिकून असेपर्यंत) चालतो की एजवर (सिग्नल बदलताक्षणी)?
५. सेकंदाला किती माहिती येणार आणि किती उशीर चालणार?
६. एका मशीनला असे किती बोर्ड लागू शकतात, आणि एकाच वेळी किती प्रोग्रॅम ते वाचणार?
७. कर्नलची आवृत्ती कोणती, आणि दोन वर्षांनी ती कोण बदलणार?

पाचव्या प्रश्नाला "फास्ट पाहिजे" असं उत्तर लिहू नका. आकडा काढा. समजा पट्टा सेकंदाला अर्धा मीटर चालतो आणि वजनाची पट्टी १० सेंटीमीटर लांब आहे. फळ त्या पट्टीवर २०० मिलिसेकंद असतं. लोडसेलसाठी सर्रास वापरली जाणारी एचएक्स ७११ ही चिप सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग देते, हे तिच्या एका पिनवरून ठरतं. ८० वर ठेवलीत तर एका फळामागे १६ रीडिंग मिळतात, १० वर दोनच. सीताबर्डीहून आणलेल्या तयार मॉड्यूलवर ती पिन बहुधा १० ला बांधलेली असते. मग पोरं आठवडाभर ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसतात आणि दोष एका सोल्डरच्या ठिपक्यात असतो.

झडपेचंही गणित करा. १० मिलिसेकंद उशीर झाला तर फळ ५ मिलिमीटर पुढे जातं. झडप तेवढं सहन करत असेल तर साधा कर्नल पुरे. उशीर १ मिलिसेकंदाच्या आतच हवा असेल, तर ते काम लिनक्सकडे न देता बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला द्या. ड्रायव्हरची रचना कितीही सुंदर केली तरी हा निर्णय ती भरून काढत नाही.

तपासा: हे पान हार्डवेअरवाल्याला वाचायला द्या. रजिस्टर नकाशात त्याने एकही दुरुस्ती सुचवली नाही, तर बहुतेक त्याने नीट वाचलेलं नाही. पुन्हा द्या.

टप्पा २: ड्रायव्हर आधीच लिहिलेला आहे का

शोध बोर्डाच्या नावाने घेऊ नका, चिपच्या नावाने घ्या. बोर्ड तुमचा असला तरी त्यावरच्या चिपा जगाच्या आहेत. कर्नलचा सोर्स उतरवा आणि ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये चिपचा नंबर ग्रेप करा (शोधा). त्यानंतर डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचं फोल्डर पाहा. चिपला कोणत्या पिना, कोणता सप्लाय आणि कोणतं कम्पॅटिबल नाव द्यायचं, ते तिथे लिहिलेलं असतं.

एचएक्स ७११ चा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये २०१७ पासून आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये क्लॉकची पिन, डेटाची पिन आणि सप्लाय सांगितला, कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये तो पर्याय चालू केला, की रीडिंग मिळायला लागतं. सीची एक ओळ लिहावी लागत नाही. तरीही दरवर्षी कोणीतरी ही चिप पायथनमधून पिना हलवून वाचतो आणि "मधूनच भलतंच वजन येतं" म्हणतो. या चिपची क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली तर चिप झोपते. यूजरस्पेसमधला (कर्नलच्या बाहेर चालणारा) प्रोग्रॅम नेमका त्या क्षणी बाजूला सारला गेला, की ते रीडिंग वाया गेलंच. कर्नलमधला ड्रायव्हर नाडी वर असताना मध्ये कोणी घुसणार नाही याची काळजी घेतो.

सावधान: ड्रायव्हर सोर्समध्ये सापडला म्हणून तो तुमच्या कर्नलमध्ये बांधलेला असेलच असं नाही. चालू कर्नलचं कॉन्फिगरेशन उघडून खात्री करा.

टप्पा ३: कर्नलमध्ये न शिरता भागतं का

तयार ड्रायव्हर नसेल तर लगेच नवीन लिहायला बसू नका. आय-टू-सी आणि एसपीआय दोन्ही बस यूजरस्पेसमधून वापरता येतात. यूएसबीसाठी लिबयूएसबी ही लायब्ररी आहे. साध्या पिनांसाठी जीपीआयओची (चालू-बंद करता येणाऱ्या पिनांची) कॅरेक्टर डिव्हाइस आणि तिची लायब्ररी आहे. सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधून) पिना हलवायची जुनी पद्धत मात्र सोडा, ४.८ आवृत्तीपासून तिच्या जागी ही नवी पद्धत आली आहे. मेमरीत दिसणाऱ्या एफपीजीएच्या (आतलं सर्किट हवं तसं घडवता येणाऱ्या चिपच्या) रजिस्टरांसाठी यूआयओ आहे: रजिस्टरं तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडली जातात, आणि इंटरप्टची वाट पाहायची तर फाइलमधून चार बाइट वाचायचे.

यूएसबी बोर्डाचं फर्मवेअर तुमच्याच हातात असेल तर आणखी चांगली वाट आहे. बोर्डाला एखाद्या प्रमाणित वर्गाचं रूप द्या, सिरियल किंवा एचआयडी (कीबोर्ड-माउसचा वर्ग). कर्नल त्याला आधीच ओळखतो, मग ड्रायव्हर लिहायचाच कशाला?

पुढीलपैकी एका तरी प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं तर कर्नलमध्ये जा:

- इंटरप्ट आल्यावर ठरलेल्या वेळात प्रतिसाद द्यायलाच हवा का?
- बोर्ड स्वतः मेमरीत माहिती लिहितो का, म्हणजे डीएमए आहे का? साध्या यूआयओमध्ये डीएमएची सोय नाही. आयओएमएमयू (डिव्हाइसला ठरलेल्या मेमरीपुरतंच बांधून ठेवणारा भाग) असलेल्या मशीनवर व्हीएफआयओ हा वेगळा मार्ग आहे.
- कर्नलच्या दुसऱ्या भागाला हा बोर्ड लागतो का? उदाहरणार्थ, याच्या पिनेवर दुसऱ्या चिपचा रीसेट बांधलाय का?
- एकापेक्षा जास्त प्रोग्रॅमना तो एकाच वेळी, एकमेकांच्या पायात पाय न अडकता वापरायचाय का?

सगळीकडे "नाही" आलं तर यूजरस्पेसमध्येच राहा. त्यात कमीपणा काहीच नाही. प्रोग्रॅम कोसळला तर फक्त प्रोग्रॅम कोसळतो, लाइन चालू राहते.

सावधान: आय-टू-सी डिटेक्टच्या (बसवरचे पत्ते शोधणाऱ्या साधनाच्या) तक्त्यात पत्त्याच्या जागी "यू यू" दिसलं, तर त्या पत्त्यावर कर्नलचा ड्रायव्हर आधीच बसलाय. फोर्स वापरून त्याच्या डोक्यावरून वाचू नका. दोघं मिळून चिपची अवस्था बिघडवतील आणि दोष कोणाचा ते कधीच कळणार नाही.

टप्पा ४: परसदार, म्हणजे बस

इथे फारसा निवडीचा प्रश्न नाही, पहिल्या पानावरचं उत्तरच निर्णय देतं. आय-टू-सीला आय-टू-सी ड्रायव्हर, एसपीआयला एसपीआय ड्रायव्हर, यूएसबी आणि पीसीआयला त्यांचे. कायमचा सिरियलवर बसलेला बोर्ड असेल तर सर्डेव्ह, म्हणजे सिरियल डिव्हाइसचा ड्रायव्हर. मेमरीत दिसणारी रजिस्टरं असतील तर प्लॅटफॉर्म ड्रायव्हर.

महत्त्वाचं हे की काम मॉड्यूलच्या इनिटमध्ये करायचं नाही, प्रोबमध्ये करायचं. इनिटचं काम एवढंच, "मी अशा अशा नावाचे बोर्ड सांभाळू शकतो" अशी नोंद करणं. बोर्ड सापडला की कर्नल प्रोब बोलावतो. दोन बोर्ड असतील तर दोनदा बोलावतो. इनिटमध्ये सगळं उरकणाऱ्या आणि ग्लोबल व्हेरिएबलमध्ये अवस्था ठेवणाऱ्या ड्रायव्हरला दुसरा बोर्ड लावला की काय होतं, ते सुरुवातीच्या तक्रारीत आलंच आहे.

म्हणून प्रत्येक बोर्डाची अवस्था स्वतंत्र स्ट्रक्चरमध्ये ठेवा आणि ते प्रोबमध्ये तयार करा. पत्ते, इंटरप्ट आणि पिना डिव्हाइस ट्रीमधून घ्या. मेमरी, क्लॉक, इंटरप्ट मिळवताना डेव्हएम प्रकारची फंक्शनं वापरा, प्रोब मध्येच फसला तर मिळवलेलं आपोआप उलट्या क्रमाने परत जातं. रजिस्टर वाचण्या-लिहिण्यासाठी रेगमॅप (कर्नलचा तयार थर) घ्या. उद्या आय-टू-सीचा बोर्ड एसपीआयवर आणला तर फक्त परसदाराची छोटी फाइल बदलते, आतलं घर तसंच राहतं.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: सप्लाय किंवा क्लॉक अजून तयार नसेल तर कर्नल "नंतर पुन्हा या" असा प्रोब डिफरचा कोड देतो. तो जसाच्या तसा परत करायचा असतो. लोक स्वतःचा एरर कोड परत करतात, मग बोर्ड एका बूटला चालतो आणि दुसऱ्याला नाही. दुसरी: एसपीआयच्या ट्रान्सफरसाठी स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर देणं. ती मेमरी डीएमएला चालणारी हवी, म्हणजे बफर वेगळा मागून घ्यायचा.

तपासा: सिसएफएसमधून ड्रायव्हर अनबाइंड करा, पुन्हा बाइंड करा, असं ५० वेळा. कर्नल लॉगमध्ये एकही तक्रार येता कामा नये.

टप्पा ५: पुढचं दार, म्हणजे सबसिस्टिम

निवडीचं खरं काम इथे आहे, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. प्रश्न साधा विचारा: वापरणाऱ्याच्या नजरेने ही वस्तू काय आहे? "आमचा बोर्ड" हे उत्तर नव्हे. वजन मोजणारी, तापमान सांगणारी, बटण दाबल्याची खबर देणारी, मोटारीला पल्स पुरवणारी, चित्र पाठवणारी वस्तू. प्रत्येक उत्तराला कर्नलमध्ये घर आहे.

मोजमापाचे सेन्सर आणि एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपा) आयआयओमध्ये जातात. मशीनच्या तब्येतीवर नजर ठेवणारी तापमानं, पंखे आणि व्होल्टेज एचडब्ल्यूमॉनमध्ये जातात. बटणं आणि एन्कोडर इनपुटमध्ये, कॅमेरा व्हीफोरएलटूमध्ये, आवाज अल्सामध्ये. पिना, पीडब्ल्यूएम (पल्स), एलईडी, आरटीसी (घड्याळ), वॉचडॉग (अडकलेलं मशीन रीसेट करणारा) यांची आपापली घरं आहेतच.

आयआयओ आणि एचडब्ल्यूमॉन यांत गोंधळ फार होतो. शेडमध्ये कंट्रोल पॅनलचा डबा किती तापलाय हे दहा-वीस सेकंदांनी पाहायचं असेल तर एचडब्ल्यूमॉन. त्याच सेन्सरची रीडिंग वेगाने, टाइमस्टॅम्पसह, बफर भरून हवी असतील तर आयआयओ. आपल्या लोडसेलसाठी आयआयओ हेच योग्य घर आहे, कारण १६ रीडिंग एका फळाची आणि पुढची १६ दुसऱ्याची हे टाइमस्टॅम्पशिवाय ठरवता येत नाही.

सबसिस्टिममध्ये गेलात की तिचे नियम पाळा, एककांचे तर नक्कीच. एचडब्ल्यूमॉनमध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात द्यायचं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली ४६ अंश होणं नवलाचं नाही, ते ४६००० असं बाहेर गेलं पाहिजे. एकाने ४६ असंच पाठवलं. वाचणाऱ्या तयार प्रोग्रॅमने ते शून्याच्या जवळचं तापमान समजून पंखा बंद ठेवला आणि डब्यातला सप्लाय भर दुपारी गेला. आयआयओमध्ये कच्चा आकडा, ऑफसेट आणि स्केल वेगळे द्यायचे असतात. कच्च्यात ऑफसेट मिळवून स्केलने गुणलं की खरं मोजमाप मिळतं. हे गणित ड्रायव्हरच्या आत दडवू नका, नाहीतर कॅलिब्रेशन करणाऱ्याचे हात बांधले जातात.

या रस्त्याचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्या महिन्यात दिसत नाही. कर्नलच्या आतली फंक्शनं आवृत्तीगणिक बदलतात, त्यांच्या स्थिरतेची हमी कोणी देत नाही. क्लास तयार करणाऱ्या फंक्शनमधून ६.४ मध्ये एक आर्ग्युमेंट काढलं गेलं, आणि जुन्या धड्यांवरून उतरवलेले ड्रायव्हर तेव्हापासून कंपाइलच होत नाहीत. यूजरस्पेसला दाखवलेला चेहरा मात्र मोडायचा नाही, असा कर्नलवाल्यांचा कडक दंडक आहे. तुम्ही आयआयओचा चेहरा घेतलात तर तुमच्या ग्रेडिंग प्रोग्रॅमला त्या दंडकाचं संरक्षण मिळतं. चेहरा स्वतः घडवलात तर तो सांभाळायची जबाबदारीही तुमचीच.

तपासा: सबसिस्टिमच्या तयार साधनांनी, तुमचा एकही प्रोग्रॅम न वापरता, बोर्डाचं रीडिंग दिसतं का? दिसत नसेल तर घर चुकलंय किंवा नियम मोडलाय.

टप्पा ६: एकाच बोर्डावर चार कामं असतील तर

आता समजा, आपल्या बोर्डावर लोडसेल आहे, झडपांच्या पिना आहेत आणि डब्याचं तापमानही आहे, सगळं एकाच मायक्रोकंट्रोलरमागे, एकाच आय-टू-सी पत्त्यावर. अशा वेळी सगळ्यांचा मिळून एक जाडजूड ड्रायव्हर लिहायचा मोह होतो. त्याऐवजी एमएफडी (बहुकामी डिव्हाइससाठीची कर्नलची चौकट) वापरा. मुख्य ड्रायव्हर परसदार सांभाळतो, रेगमॅप उघडतो आणि मुलं जन्माला घालतो: एक आयआयओमध्ये, एक जीपीआयओमध्ये, एक एचडब्ल्यूमॉनमध्ये. मुलं आई-बापाचा रेगमॅप वापरतात, बसला थेट हात लावत नाहीत.

पीसीआय किंवा यूएसबीवरचं मोठं डिव्हाइस एकाच ड्रायव्हरचे तुकडे करून वेगवेगळ्या सबसिस्टिममध्ये न्यायचं असेल तर ५.११ पासून ऑक्झिलरी बस आहे. दोनच कामं असतील आणि दुसरं अगदी किरकोळ असेल, तर एकाच ड्रायव्हरमधून दोन सबसिस्टिममध्ये नोंद केलीत तरी चालतं. त्यासाठी एमएफडीचा पसारा मांडू नका.

टप्पा ७: खरंच कुठे बसत नसेल तर

कधी कधी वस्तूला घर नसतंच. मग मिस डिव्हाइस (किरकोळ डिव्हाइसांसाठीचा कर्नलचा तयार साचा) घ्या. मेजर नंबर, क्लास, सीडेव्ह ही सगळी जुळवाजुळव ते स्वतः करतं. धड्यातल्या दीडशे ओळींच्या जागी दहा-पंधरा पुरतात.

या दारात तीन खड्डे आहेत.

एक, आयऑक्टलच्या स्ट्रक्चरमध्ये लाँग किंवा पॉइंटर टाकणं. मी स्वतः एका कारखान्यासाठी हे केलं होतं. ३२ बिटांच्या मशीनवर वर्षभर चाललं. त्यांनी कॉम्प्युटर बदलला, कर्नल ६४ बिटांचा आला, प्रोग्रॅम जुनाच राहिला. लाँग चारऐवजी आठ बाइटांचा झाला, स्ट्रक्चरचा आकार बदलला, आणि आयऑक्टलच्या नंबरात तो आकार गुंफलेला असल्यामुळे कमांडच ओळखली जाईना. ऐन अंबिया बहारात लाइन दोन दिवस बंद राहिली. तेव्हापासून मी ठरलेल्या बिटांचेच प्रकार वापरतो, रिकाम्या जागा स्वतः भरतो आणि त्या शून्य आहेत का ते तपासतो.

दोन, सिसएफएसच्या एका फाइलमध्ये पाच आकडे लिहिणं. एका फाइलमध्ये एकच किंमत.

तीन, आणि हा सगळ्यात खोल: प्रोग्रॅमने फाइल उघडलेली असताना कोणी यूएसबी केबल ओढली तर? डेव्हएमने घेतलेली मेमरी रिमूव्हनंतर परत गेली, फाइल मात्र अजून उघडी आहे. पुढच्या रीडला कर्नल मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो. अवस्थेच्या स्ट्रक्चरला रेफरन्स काउंट (अजून किती जण वापरताहेत त्याची मोजणी) लावा आणि शेवटची फाइल बंद झाल्यावरच ते सोडा. आयआयओसारख्या घरात हे काम सबसिस्टिम करते.

टप्पा ८: इंटरप्ट आणि झोप

आय-टू-सी किंवा एसपीआयवरची ट्रान्सफर झोपू शकते, म्हणजे उत्तराची वाट पाहत थांबू शकते. इंटरप्ट हँडलरमध्ये झोपायला बंदी आहे. म्हणून अशा बोर्डांना थ्रेडेड इंटरप्ट (ज्याचं काम झोपता येणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये होतं) घ्या, वरचा हँडलर रिकामा ठेवा आणि वनशॉटचा (काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा) झेंडा लावा. तो विसरलात तर बहुतेक वेळा कर्नल विनंतीच नाकारतो, आणि ते बरंच आहे. रजिस्टरांच्या क्रमाला म्यूटेक्स (झोपू देणारं कुलूप) लावा. स्पिनलॉक (झोपू न देणारं कुलूप) हातात धरून आय-टू-सी वाचणं ही सरळ चूक आहे.

टप्पा ९: लिहायचा क्रम

१. डिव्हाइस ट्रीची नोंद आणि रिकामा प्रोब. लॉगमध्ये "आलो" एवढंच.
२. रेगमॅप आणि चिपची ओळख सांगणारं रजिस्टर. आकडा जुळला नाही तर प्रोब तिथेच थांबवा.
३. सबसिस्टिममध्ये नोंद, एकच चॅनल, इंटरप्टशिवाय.
४. इंटरप्ट.
५. बफर किंवा डीएमए, लागत असेल तरच.
६. पॉवर मॅनेजमेंट.

प्रत्येक पायरीनंतर अनबाइंड-बाइंड करा आणि चेकपॅच (कोडची शैली तपासणारं कर्नलचं साधन) चालवा. चाचणीच्या कर्नलमध्ये लॉकडेप (कुलपांच्या चुका शोधणारं), झोपायला बंदी असलेल्या जागी कोणी झोपतं का याची तपासणी आणि कसान (मेमरीच्या चुका शोधणारं) चालू ठेवा. कर्नल संथ होतो, होऊ द्या.

शेवटची तपासणी टेबलावर करू नका. बोर्ड शेडमध्ये न्या, पट्टा चालू करा, सोलेनॉइड ठोके देत असताना रात्रभर रीडिंग जमा करा. सकाळी तीन गोष्टी मोजा: किती टाइमस्टॅम्प गळले, आय-टू-सीचे किती एरर आले, आणि ठोक्याच्या वेळी वजनात उडी दिसते का. उडी ठोक्याबरोबरच येत असेल तर ड्रायव्हर उघडू नका. आधी लोडसेलच्या वायरीचं शील्ड आणि सोलेनॉइडचा डायोड पाहा.